मेंढ्या किती, ते सांगा

मुंजाबाची भाकरी आकड्यांवर होती. शेंद्र्याच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर. तासाला किती नग निघाले, त्यातले किती बाद गेले आणि कशानं गेले, हे फळ्यावर लिहायचं आणि जो विचारील त्याला न अडखळता सांगायचं, हे त्याचं काम. सहा वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकला नव्हता. अशा माणसाची एका साध्या आकड्यापायी दातखीळ बसावी, आणि तीही नेमकी त्या मुलाखतीत, याला काय म्हणावं! पण झालं खरं तसं.

साहेब व्हायची हाव त्याला मुळात नव्हती. पण दर जुलैत कारखान्यात मॅनेजमेंट शिकून आलेली नवी पोरं यायची. मुंजाबा त्यांना लाइन दाखवायचा, कुठलं मशीन कधी रुसतं आणि कशानं मानतं ते समजावून सांगायचा, त्यांच्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायचा. वर्ष उलटलं की त्यातलंच एक पोरगं त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसायचं आणि त्यालाच विचारायचं, "मुंजाबा, आज नग कमी का?" असं चारदा झालं. पाचव्यांदा झालं त्या दिवशी मुंजाबा जेवला नाही. काय ते दोन वर्षांचं शिक्षण आहे ते आपणही घ्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. कंपनीनं दोन वर्षं रजेवर सोडायचं कबूल केलं.

ते शिक्षण देणारी संस्था शहरात, उस्मानपुऱ्यात होती. तिचा एक नियम मोठा कडक होता. एका माणसाला फक्त दोनदा अर्ज करता यायचा. दोनदा नापास झाला की दार कायमचं बंद.

त्यातली पहिली खेप मुंजाबानं गेल्या साली घालवली होती. तेव्हा मुलाखत घ्यायला मनकर्णा मॅडम होत्या. प्रवेशाच्या ऑफिसात वीस वर्षं काढलेली बाई, चष्मा साखळीला अडकवलेला आणि समोर उमेदवाराची अख्खी फाईल. त्या फाईल वाचून बसायच्या, आणि वाचून म्हणजे शिक्क्यांच्या तारखांसकट वाचून. मुंजाबानं अर्जात वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहिला होता. लाज वाटली होती त्याला, दुसरं काय! मेंढ्या म्हटलं की कारखान्यातली माणसं बँ बँ करून दाखवायची, तेच इथंही होईल असं त्याला वाटलं.

"किती एकर?" मॅडमनी विचारलं.

"पाच."

"सातबारा कुठंय?"

"आणून देतो."

"आश्रमशाळेच्या दाखल्यावर तर मेंढपाळ लिहिलंय."

बाईंनी फाईल मिटली आणि तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून म्हणाल्या, "मेंढपाळ असण्यात काही वाईट नव्हतं हो. खोटं बोलण्यात होतं." हे वाक्य वर्षभर त्याच्या कानात होतं. ते बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबत होतं.

म्हणून या वर्षी त्यानं सगळं खरं लिहिलं. आपला बाप कडूबा आणि माय कस्तुराबाई दिवाळी झाली की कळप घेऊन कन्नडहून घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत चढतात. कुठल्या वाटेनं जायचं, पाणी कुठं आहे, कुठल्या शेतकऱ्याच्या रानात किती रात्री मेंढ्या बसवायच्या आणि त्या खताच्या बदल्यात काय घ्यायचं, हे सगळं ठरवावं लागतं. सुट्ट्यांमध्ये आणि शाळा सुटल्यावरची दोन वर्षं ते काम मुंजाबानं केलं होतं. कागदावर उतरवल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. कारखान्यात ज्याला प्लॅनिंग म्हणतात ते हेच तर होतं!

पण संस्थेला प्रत्येक गोष्टीचा पुरावा हवा होता. मेंढ्या आहेत, याचा दाखला जनावरांच्या दवाखान्यातून आणायचा होता. मुंजाबानं बापाला फोन केला. बाप "बघतो," एवढंच म्हणाला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कन्नडच्या एसटीतून पाकीट आलं. मुंजाबानं ते स्टँडवर कंडक्टरच्या हातून घेतलं, उघडलं, आणि पहिल्याच ओळीत त्याला दिसलं: मेंढ्या, लहान-मोठ्या मिळून, दोनशे त्रेचाळीस. त्यानं कागद तिथंच दुमडला. पुढचं काहीही न वाचता तो फाईलला लावून टाकला.

का, ते सांगायला हवं. मेंढपाळाच्या घरात मेंढ्या मोजतात, पण आकडा तोंडातून काढत नाहीत. संध्याकाळी मेंढ्या जाळीच्या कोंडाळ्यात, म्हणजे वाघरात, घालताना कडूबाचे ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. शेवटची आत गेली की तो म्हणायचा, "भरल्या." बास. कुणी परक्यानं विचारलंच तर निम्म्या सांगायच्या. नाहीतर दृष्ट लागते.

शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल, आणि खरं तर मुंजाबालाही आलं असतं. पण घरात फकिराचं प्रकरण होऊन गेलं होतं. फकिरा त्याचा थोरला भाऊ. मुंजाबा आश्रमशाळेत होता त्या वर्षी जनावरांची गणती करणारा सरकारी माणूस पालावर आला आणि फकिरानं मोठ्या ऐटीत त्याला बरोबर आकडा सांगितला. आठ दिवसांत कळपात रोग शिरला. सत्तर मेंढ्या गेल्या. रोग सगळ्या पट्ट्यातच आला होता, ज्यांनी आकडा सांगितला नव्हता त्यांच्याही गेल्या, हे पुढं मुंजाबानं बापाला शंभरदा समजावलं. कडूबा मान डोलवायचा आणि फकिराशी मात्र बोलायचा नाही. वर्षभर बोलला नाही. शेवटी फकिरा कळप सोडून ऊस तोडायला गेला तो गेलाच. मुंजाबाचा दृष्टीवर विश्वास नव्हता, पण तोंडातून निघालेल्या एका आकड्यानं घर कसं फुटतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

यंदा संस्थेनं एक नवीन प्रकार काढला होता. अर्ज फार आले म्हणून निम्म्या मुलाखती दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी घेणार होते. मॅडमकडे जायचं की विद्यार्थ्याकडे, ते उमेदवारानं निवडायचं. विद्यार्थ्याच्या हातात फाईल नसायची. उमेदवारानं स्वतःबद्दल लिहिलेलं एक पान, तेवढंच. फाईल आत मॅडमकडे.

मुलाखतीच्या दिवशी बाकड्यावर बसलेल्या सहा जणांत याच्यावरून वादच जुंपला. एक जण म्हणाला, पोरांकडे जावं, आपल्याच वयाची असतात, सांभाळून घेतात. दुसरा म्हणाला, छे हो, तीच जास्त सोलतात, त्यांना कालच सोललेलं असतं ना! मुंजाबानं दोघांचंही ऐकलं नाही. त्यानं विद्यार्थ्याला निवडलं ते एकाच कारणानं. मनकर्णा मॅडमच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची हिंमत नव्हती.

विद्यार्थ्याचं नाव काकासाहेब. नावावरून कुणी म्हातारा वाटेल, पण पोरगा पंचविशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर उमेदवारापेक्षा जास्त घाम. त्याचीही ही पहिलीच मुलाखत होती आणि ती तो कशी घेतो यावर मॅडमचं लक्ष होतं, हे मुंजाबाला ठाऊक नव्हतं. समोर छापील फॉर्म, त्यात चौकटी. काकासाहेब शहरी, जपून बोलत होता.

सुरुवात झकास झाली. घाट कधी उतरता, वाट कशी ठरवता, शेतकरी शब्द फिरवतो तेव्हा काय करता? मुंजाबा गेल्या वर्षीची पाठ केलेली उत्तरं विसरून मनापासून बोलत होता. काकासाहेब ऐकता ऐकता पुढं वाकला होता. मग त्याची नजर फॉर्मवरच्या एका चौकटीवर गेली आणि तो सावरून बसला.

"कळप केवढा आहे?"

"बरा आहे."

"म्हणजे किती?"

"आहेत बऱ्यापैकी. आमचं भागतं."

"तसं नाही. मला इथं आकडा लिहायचाय. मेंढ्या किती, ते सांगा."

दोनशे त्रेचाळीस. आकडा जिभेवर येऊन बसला होता, फक्त तोंड उघडायचं होतं. त्याच वेळी त्याला वाघराच्या तोंडाशी उभा असलेला बाप दिसला, ओठ हलणारा आणि आवाज न येणारा. काकासाहेबाचं पेन चौकटीवर टेकलेलं होतं. पाच सेकंद गेले, दहा गेले.

"स्वतः सांभाळलेल्या मेंढ्या किती ते तुम्हाला माहीत नाही?" काकासाहेबानं विचारलं.

"एकशे वीस," मुंजाबा म्हणाला.

सुटलो, असं त्याला वाटलं. कसला सुटतोय! एक आकडा निम्मा केला की त्याच्यामागचे सगळे बदलावे लागतात. एकरभर रान खतवायला किती रात्री? चारच्या जागी आठ. वर्षाला कोकरं किती? निम्मी. कुत्री किती? चारची दोन. मुंजाबाचं डोकं लाइनवर चालायचं तसं भराभर चालत होतं, एक आकडा दुसऱ्याशी जुळवत, कुठंही फट न ठेवता. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. काकासाहेब मात्र खूश. आकड्याला आकडा जुळत होता. त्यानं फॉर्मवर भरभरून लिहिलं आणि उठून हात मिळवला.

"बाहेर बसा. फॉर्म आत फाईलशी जुळवतात, मग सोडतात."

फाईलशी जुळवतात! फाईलमध्ये दाखला होता. पहिल्याच ओळीत होता तो आकडा. एवढा हिशेबी माणूस, सहा वर्षं एकही नग न चुकवणारा, आणि आपल्याच हातानं लावलेला कागद विसरला! विसरला तरी कसं म्हणावं? त्यानं तो कागद डोळ्यांआड केला होता आणि डोळ्यांआड केलेलं डोक्यातूनही गेलं होतं.

बाकड्यावरची माणसं एकेक करून सुटली. नाव पुकारायचं, "तुम्ही जाऊ शकता" म्हणायचं, की उमेदवार पिशवी उचलून चालता. पाचही जण गेले. मुंजाबाचं नाव आलं नाही. शिपाई आला आणि त्यानं काकासाहेबाला आत बोलावलं. दार लागलं. आतून शब्द कळत नव्हते, पण आवाज बाईंचा होता आणि चढा होता. उठावं आणि सरळ स्टँड गाठावा, असं मुंजाबाच्या मनात दोनदा आलं. पण दोन खेपांतली ही दुसरी होती. पळून गेला असता तरी शेंद्र्याला जाऊन त्याच फळ्यापुढं उभं राहायचं होतं, आणि जुलै जवळ आला होता. तो बसून राहिला.

"मुंजाबा कोण? आत या."

मनकर्णा मॅडम तशाच होत्या, चष्मा, साखळी, फाईल. काकासाहेब भिंतीला लागून उभा होता, मान खाली.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "गेल्या वर्षी नसलेली पाच एकर जमीन सांगितलीत. या वर्षी असलेल्या मेंढ्या निम्म्या सांगितल्यात. दोन्ही वेळा खोटंच. मला एवढंच समजत नाही, या वेळी खोटं बोलून तुमचा फायदा काय होता? जास्त सांगितल्या असत्या तर समजलं असतं."

"फायदा नाय मॅडम." घाबरला की मुंजाबाची शहरी बोली गळून पडायची. "आमच्यात सांगत नसतेत."

"काय सांगत नसतात?"

"मेंढ्या किती ते. सांगितलं की... बरं नसतं ते."

"असं?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि कारखान्यात? तासाला किती नग निघाले तेही निम्मेच सांगता?"

"नाय मॅडम. तिथं एकबी नग चुकत नाय. मशीनला दृष्ट लागत नसती."

मॅडम हसल्या नाहीत. मुंजाबानं विनोद केलाही नव्हता.

"मॅडम," भिंतीजवळून काकासाहेब म्हणाला, "एक बोलू?"

"तुम्ही बोलायचं राहिलंय काही? तुम्ही यांना शंभरपैकी ब्याण्णव दिलेत."

"चूक माझी हाय मॅडम." त्याचीही इस्त्री आता उतरली होती. "माझं गाव कन्नडच्या अलीकडं. आमच्या रानात दर साली मेंढ्या बसायच्या. माझा आजा मेंढक्याला विचारायचा, किती रात्री बसता? किती मेंढ्या, असं त्यानं कधीच विचारलं नाय. मी लहानपणी एकदा विचारलं तर आज्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला व्हता. मेंढक्याला तसं विचारत नसतेत, हे मला ठाऊक व्हतं. फॉर्मात चौकट व्हती, म्हणून विचारलं. चौकट रिकामी सोडली तर मीच नापास होईन असं वाटलं."

मुंजाबा त्याच्याकडे बघतच राहिला. याला ठाऊक होतं! ठाऊक असून यानं पेन टेकवून ठेवलं! क्षणभर त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मग त्याला स्वतःची पाच एकर जमीन आठवली आणि तिडीक उतरली. दोघंही एकाच तालुक्यातले, आणि दोघंही इथं येताना गाव बाहेर चपलांपाशी काढून आले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे विचारणाऱ्यालाही माहीत आणि सांगणाऱ्यालाही माहीत. खुळी तेवढी मी. पोरांच्या हाती मुलाखती देऊ नका, हे मी मीटिंगमध्ये ओरडून सांगत होते." त्यांनी फाईलमधून दाखला काढला. "पण मग हे कसं? तुमच्यात आकडा सांगत नाहीत म्हणता. मग हा कुणी सांगितला?"

"डॉक्टरनं मोजल्या असतील."

"वाचलाय का तुम्ही हा कागद?"

मुंजाबानं नकाराची मान हलवली.

मॅडमनी कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: कळप स्थलांतरात असल्याने प्रत्यक्ष मोजणी झालेली नाही. वरील संख्या पशुपालकाने स्वतः सांगितल्याप्रमाणे. त्याखाली निळ्या शाईत एक अंगठा होता. अंगठ्यावर मधोमध आडवी चीर. विळ्यानं कापलेला तो अंगठा मुंजाबानं हजार अंगठ्यांत ओळखला असता.

आबानं, त्याच्या बापानंच, सांगितलं होतं.

ज्यानं एका आकड्यापायी पोटचा पोरगा तोडला, वर्षभर त्याच्याशी शब्द बोलला नाही, तो माणूस जीप धरून घाट चढून कन्नडच्या दवाखान्यात गेला होता. टेबलाशी उभा राहिला होता. चार लोकांच्या देखत, मोठ्यानं, त्यानं मेंढ्यांचा आकडा सांगितला होता आणि त्याखाली अंगठा उठवला होता. आणि हे पोराला फोनवर बोललाही नव्हता. मुंजाबाला रडू फुटलं. ते थांबवायचा त्यानं प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. काकासाहेबानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

तो उभा राहिला.

"दोनशे त्रेचाळीस," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "दोनशे त्रेचाळीस मेंढ्या हायेत मॅडम आमच्या. माझ्या बापानं सांगितलं ते खरं. मी खोटं बोललो. गेल्या सालीबी आणि आजबी. आता तुम्ही काय करायचं ते करा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काकासाहेबाचा फॉर्म उचलून त्यांनी त्यातली एकशे वीसची चौकट लाल पेनानं खोडली. दुसरा आकडा लिहिला नाही. शेजारी काहीतरी खरडलं, ते मुंजाबाला दिसलं नाही.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. चांगलं की वाईट, आवाजावरून काही कळेना.

पुढचे बारा दिवस मुंजाबानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. फळ्यावर आकडे बरोबर लिहायचा आणि लिहून झाले की पुन्हा मोजायचा. बाप फोन करायचा, "लागला का निकाल?" विचारायचा, आणि याला वाटायचं आताच विचारावं, आबा, कामून सांगितलंत? पण फोनवर विचारायची ती गोष्ट नव्हती. तेराव्या दिवशी यादी लागली. यादीत शेवटून तिसरं नाव त्याचं होतं.

रविवारी तो कन्नडला उतरला. कळप घाट चढून परत आला होता आणि गावाबाहेर एका रानात बसला होता. दिवस कलला होता. कस्तुराबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, पेढ्याचा पुडा घेतला आणि तीन दगडांच्या चुलीकडं वळली. कडूबा वाघर ताणत होता. त्याचा हात थांबला नाही.

"घेतलं म्हन तुला."

"व्हय आबा."

"काय काय इचारलं?"

"मेंढ्या किती ते."

आता हात थांबला. "मंग?"

"तुमच्या कागदावर व्हतं तेच सांगितलं. मोठ्यानं."

कडूबानं मान हलवली आणि दोरीला गाठ मारली.

"आबा, तुम्ही कामून सांगितलंत डॉक्टरला?"

"तो म्हन्ला, कळप तिकडं खाली, मी मोजू कसा? तुमीच सांगा, नायतर कागद मिळत नाय. मंग सांगून टाकलं. अंगठाबी दिला."

"मेंढ्यांना काय झालं नाय ना?"

कडूबा वाघराची दुसरी दोरी ओढायला वळला. चुलीकडून कस्तुराबाई म्हणाली, "सांगा की त्याला. आता कामून दडवता?"

"दोन गेल्या," कडूबा म्हणाला. "तिसऱ्या दिशी. लांडग्यानं नेल्या."

म्हणजे मॅडमपुढं छाती काढून सांगितलेला आकडाही चुकीचाच होता. पण त्याला त्या क्षणी आकड्याचं काही वाटलं नाही. त्याला आठवला तो फकिरा.

"मला सांगायचं व्हतं आबा."

"तुला सांगितलं असतं तर तू कागद माघारी मागितला असता." कडूबानं कपाळावरचा घाम धोतराच्या सोग्याला पुसला. "लांडगा दर सालीच नेतो. त्याला कुठं कागद वाचता येतोय? हे मला तवाच कळायला पायजे व्हतं, फकिराच्या टायमाला." त्यानं दोरी हातातून सोडली. "त्याचा फोन लागतो का रे तुझ्याकडून?"

"लागतो की."

"मंग लाव सकाळी. म्हनावं, बापाला बोलायचंय." एवढं बोलून त्यानं वाघराचं तोंड उघडलं आणि बाजूला झाला. "ये. आज तू भर."

मुंजाबा तोंडाशी उभा राहिला. मेंढ्या एकामागोमाग एक त्याच्या मांडीला घासत आत गेल्या. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. शेवटचं कोकरू आत गेलं तेव्हा दोनशे एकेचाळीस झाल्या होत्या.

"भरल्या?" बापानं विचारलं.

"भरल्या," मुंजाबा म्हणाला आणि त्यानं वाघराचं तोंड बांधून घेतलं.